पटर तोच ठेवतोय, बाबा

बंगळूर

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, पटर, म्हणजे चेंडू कपात घालायची गोल्फची काठी, बदलून बघ. आई, तू म्हणालीस की मामा सगळ्यांना सांगत होता, पोरगं शेवटच्या होलला घाबरतं. फोनवर दोन मिनिटांत या गोष्टींचा उलगडा होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

या मोसमातल्या प्रत्येक राउंडचे पट, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवतावर, ग्रीनवर, पटरने मारलेले फटके, मी वहीत उतरवून ठेवलेत. पहिला पट किती फुटांवरून मारला, कपाच्या अलीकडे राहिला की पलीकडे गेला, दुसऱ्यासाठी किती अंतर उरलं. कोचसोबत बसून ती वही वाचली. तीन-चार फुटांचे पट माझे पडतात, शेवटच्या होललासुद्धा. फटके वाया जातात ते लांबच्या पटवर. 40 फुटांवरून मारलेला चेंडू कधी सात फूट अलीकडे थांबतो, कधी तेवढाच पुढे निघून जातो. मग सात फुटांचा दुसरा पट उरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढासा पट घालता येत नाही, म्हणजे हात थरथरले. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, दहा फुटांवरून शंभरातले चाळीसेक. तीन फुटांवरून मात्र शंभरात एखादाच चुकतो. तेव्हा पहिला पट तीन फुटांच्या आत आणून ठेवणं, हेच माझं सध्याचं काम. मामाला एवढं जरूर सांगा.

बाबा, कॅडी म्हणून साहेबांची बॅग उचलून आलात की तुम्ही रात्री जेवताना सांगायचात, आज साहेबांचे अठरा होलमध्ये 28 पट झाले, काय पटिंग केलं! कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी नावाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं, नुसते पट मोजू नका, किती अंतरावरून मारले तेही धरा. ग्रीन चुकवून चिपने, म्हणजे जवळून उचललेल्या छोट्या फटक्याने, चेंडू कपाशी आणून ठेवला, तर 28 पट कुणाचेही होतील. 2011 पासून पीजीए टूर पटिंग त्यांच्याच पद्धतीने मोजते. माझी वहीही त्याच हिशोबाची आहे. घरी आलो की आपण दोघं बसून बघू, तुम्हाला ती आवडेल.

आता सराव. सकाळी पहिला तासभर मी कपाकडे जातच नाही. 20, 35, 50 फूट असे पट मारतो, एकच अंतर लागोपाठ दोनदा घेत नाही, कारण मॅचमध्ये तोच पट पुन्हा मारायला मिळत नाही. चेंडू सुटला की मान वर न करता आधी मोठ्याने बोलायचं, 'दोन फूट कमी' किंवा 'एक फूट जास्त', आणि मग बघायचं. सुरुवातीला अंदाज आणि चेंडू यांचा मेळच बसत नव्हता. आता बसतो, आणि तो बसला की जो आनंद होतो तो बर्डीपेक्षा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन होल संपवण्यापेक्षा, कमी नसतो, खरंच सांगतो.

त्यानंतर लाईन, म्हणजे चेंडूची दिशा. चेंडूच्या फूटभर पुढे दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, रोवायच्या, मधून चेंडू जेमतेम जाईल एवढीच फट ठेवायची. पटरचं तोंड एका अंशाने जरी फिरलं, तरी दहा फुटांवर चेंडू दोन इंच बाजूला जातो. कप सगळा सव्वाचार इंचांचा, म्हणजे मधोमध मारलेला चेंडू कडेवर जाऊन पोचतो. पण त्या कडेवर तो हळू आला तर आत पडतो आणि जोरात आला तर वळसा घेऊन बाहेर येतो. हळू चेंडूला सगळा कप मिळतो, जोराच्या चेंडूला फक्त मधला भाग. उतारही हळू चेंडूला जास्त ओढतो. म्हणून आधी स्पीड ठरवायचा आणि त्या स्पीडची लाईन शोधायची. तुम्ही साहेबांना नेमकं हेच विचारायचात ना, 'कपात सोडणार की ठोकणार?' उत्तर मिळाल्याशिवाय लाईन दाखवायचा नाहीत.

आई, 2021 च्या ऑगस्टमध्ये आपण पहाटे उठून टोकियो ऑलिंपिक बघितलं होतं. गोल्फपटू अदिती अशोकचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, बाकीच्या मुलींच्या कितीतरी मागे पडायचा, तरी शेवटच्या होलपर्यंत ती पदकाच्या शर्यतीत होती. 15 अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा 15 कमी, आणि चौथी. एका फटक्याने पदक हुकलं. तू सगळा वेळ तिची बॅग घेऊन चालणाऱ्या तिच्या आईकडेच बघत होतीस. माझाही ड्राइव्ह लांब नाही, व्यायामाने थोडाफार वाढेल, पण पंचवीस यार्ड नाही वाढणार. अदिती पटरच्या जोरावर तिथपर्यंत गेली. या कामाला मी एवढा वेळ का देतोय, ते यावरून कळेल.

पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे, येरवड्याच्याच कोर्सवर. बाबा, सरावाच्या राउंडला तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. बॅग मी उचलेन. गुडघा दुखत असेल तर शेवटचे पाच होलच करू. दुपारनंतर गवत वाढलं की कुठली ग्रीन किती मंदावते, गवताची पात कुठे झुकते, कपाची कुठली कड आधी झिजते, हे तुम्ही इतकी वर्षं पायाखालून ओळखलंत. ग्रीनचा वेग मोजणाऱ्या स्टिम्पमीटरच्या पट्टीवरून चेंडू सोडला की संपूर्ण ग्रीनसाठी एक आकडा मिळतो. मला चौदाव्या ग्रीनचा डावा कोपरा हवाय. एक मात्र बदललंय. 2019 पासून, खेळाडू स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवून उभा राहायला लागला की कॅडीने मागे लाईनीवर उभं राहायचं नाही. सरावात चालेल, तेव्हा तुम्ही खुशाल मागे उभे राहा.

आई, मोतीबिंदूची तारीख माझ्या स्पर्धेसाठी पुढे ढकलू नकोस. डॉक्टर देतील तीच घे. स्पर्धेच्या आठवड्यात आली तरी चालेल, माझी टी-टाईम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, सकाळची असेल तर दुपारी मी दवाखान्यात, दुपारची असेल तर ताई सकाळी थांबेल, माझं तिच्याशी बोलणं झालंय. पैसे खात्यात टाकलेत. थेंब वेळच्या वेळी घालत जा आणि बाबांना पायऱ्या उतरताना कठडा धरायला लाव.

तुमचा,
धाकटा