कॉम्रेड, मंत्री आणि मित्र

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'लाल सलाम' हा मल्याळम चित्रपट पाहून झाल्यावर तू पाठवलेले पत्र मिळाले. मंत्रिपदावर बसलेला कॉम्रेड म्हणजे विकला गेलेलाच कॉम्रेड, असा निष्कर्ष तू काढलास आणि त्याच दमात, व्यवस्थापनाशी समझोता केला म्हणून कंपनीतल्या जुन्या मित्राशी बोलणे टाकल्याचेही कळवलेस. त्या दुसऱ्या गोष्टीत मी पडत नाही, कारण त्या माणसाला तू ओळखतोस आणि मी ओळखत नाही. पहिलीबद्दल मात्र मला बरेच सांगायचे आहे.

वेणू नागवल्ली यांनी १९९० मध्ये केलेला हा चित्रपट ज्या तिघांच्या आयुष्यावर बेतला आहे, ती तिघेही केरळातल्या अलप्पुळा भागातली खरी माणसे होती: टी. व्ही. थॉमस, के. आर. गौरी अम्मा आणि वर्गीस वैद्यन. पटकथा लिहिणारे चेरियन कल्पकवाडी हे वैद्यन यांचे चिरंजीव. मोहनलालच्या स्टीफनमध्ये लेखकाचे वडील आहेत हे कळले, की प्रेक्षकांची सगळी माया त्याच्याच पदरात का पडते याचा उलगडा होतो. मुलाने बापाची बाजू घ्यावी यात मला वावगे काही वाटत नाही (तू माझी कधी घेतल्याचे स्मरत नाही, तो भाग वेगळा), पण निवाडा करायला बसणाऱ्याने साक्ष कोणाची चालली आहे एवढे तरी पाहून घ्यावे.

या तिघांची मैत्री कोणत्या मातीतली होती, तेही ध्यानात घे. अलप्पुळा हे काथ्याचे गाव. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, मग ती बडवून तंतू मोकळे करायचे, त्यांचा सुंभ वळायचा आणि कारखान्यांत त्याच्या चटया विणायच्या, हे तिथल्या हजारो बायाबापड्यांचे रोजचे जिणे. ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा आणि वयलार इथे याच कामगारांनी पोफळीचे लाकूड तासून भाले केले, ते हातात घेऊन त्रावणकोर संस्थानचे दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या बंदूकधारी फौजेला ते सामोरे गेले आणि त्यांतले शेकडो मारले गेले. थॉमस हे या कामगारांचे पुढारी. अशा दिवसांत जुळलेली माणसे पुढे एकमेकांना सहजासहजी सोडत नाहीत, आणि सोडली तर तो घाव भरत नाही.

५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ केरळात सत्तेवर आले, तेव्हा थॉमस कामगारमंत्री झाले आणि गौरी अम्मा महसूलमंत्री. त्याच वर्षी दोघांनी लग्न केले. आता तडजोडींचा हिशेब मांड. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या पक्षाने राज्यघटनेची शपथ घेतली, ही पहिली तडजोड. राज्यात कारखाने यावेत म्हणून याच सरकारने बिर्लांना मावूर इथे बोलावून लगद्याच्या कारखान्यासाठी स्वस्त बांबूची हमी दिली, ही दुसरी. या दोन्ही मला समजू शकतात, कारण कामगारांच्या राज्यातही कामगाराला आधी काम लागते. आमच्या संघटनेच्या वाटाघाटींना मीही बसले आहे, आणि सगळे मागून सगळे पदरात पडल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. परंतु जुलै १९५८ मध्ये कोल्लमजवळ चंदनत्तोप्प इथे काजू कारखान्याच्या संपकरी कामगारांवर याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोन कामगार ठार झाले. तिथे माझे समर्थन संपते. पहिल्या दोन वेळी पक्षाने आपल्याच भूमिकेला मुरड घातली होती. चंदनत्तोप्पला किंमत मोजली ती ज्यांच्या नावाने सत्ता मिळवली त्यांनी, आणि तीही त्यांना न विचारता.

३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले आणि पाच वर्षांत पक्षच फुटला. फुटीचे मूळ मोठ्या वैचारिक मतभेदांत होते, पण एप्रिल १९६४ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले तेव्हा ठिणगी पडली होती ती पक्षाचे अध्यक्ष, आपल्या गिरणगावच्या डांगे यांच्यावरून, त्यांनी १९२४ साली तुरुंगातून ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करत लिहिली असे सांगितल्या गेलेल्या पत्रांवरून. डांग्यांनी ती बनावट ठरवली. त्या फुटीत गौरी अम्मा मार्क्सवादी पक्षात गेल्या, थॉमस जुन्या पक्षात राहिले आणि घर मोडले. १९६७ मध्ये आघाडीचे सरकार आले तेव्हा दोघे पुन्हा एकाच मंत्रिमंडळात बसले, पण आता दोन वेगळ्या पक्षांचे मंत्री म्हणून.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचेच. त्या मंत्रिमंडळात महसूल खाते सांभाळणाऱ्या गौरी अम्मांनी जमीन सुधारणेचा कायदा १९६९ मध्ये तडीस नेला; तो १ जानेवारी १९७० पासून अमलात आला, तेव्हा मुख्यमंत्री होते थॉमस यांच्या पक्षाचे अच्युत मेनन, काँग्रेसशी हातमिळवणी केलेले आणि म्हणून गौरी अम्मांच्या पक्षाच्या लेखी गद्दार. त्याच कायद्याने जमीनदाराच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला खेड्यात १० सेंट, म्हणजे आपले चार गुंठे, जागा हक्काची झाली. केरळातल्या तुझ्या सहकाऱ्यांपैकी कोणाच्या आजोबांना ती मिळाली असेल, तर ती देणारा कॉम्रेड विकला गेलेला होता का, हे त्यांनाच विचार.

गौरी अम्मांचे म्हणशील, तर सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. मार्क्सवादी पक्षाने १९९४ मध्ये काढून टाकल्यावर त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, पुढे काँग्रेसच्या आघाडीत मंत्रीही झाल्या, आणि २०२१ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी वारल्या तेव्हा सर्व पक्षांनी त्यांना आपले म्हटले.

चित्रपटाबद्दल माझी तक्रार तुझ्यापेक्षा वेगळी आहे. नवराबायको आणि मित्र यांच्यातल्या ताणात तो इतका रमतो, की सत्तेचा खरा पेच बाजूलाच राहतो. चंदनत्तोप्पच्या गोळीबाराची बातमी आली त्या दिवशी कामगारमंत्री आणि महसूलमंत्री एकाच घरात राहत होते. त्या घरातले त्या रात्रीचे जेवण कोणीतरी लिहायला हवे होते.

तुझी,
आई