पोटावरची चरबी, उपाशी पेशी आणि विषाणू

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. जाड माणसाला विषाणू जास्त का छळतो आणि त्यावर कुठली गोळी घेऊ, असं विचारलंयस. गोळीचं मागाहून बघू, आधी चरबीचं.

चरबी म्हणजे गोदामात पडून असलेला माल, ही समजूत काढून टाक. तो जिवंत अवयव आहे. फुगलेल्या चरबीतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-6 अशी दाह पेटवणारी रसायनं रक्तात झिरपत राहतात. ही धुसफूस कायमची झाली की खऱ्या विषाणूच्या वेळी गोंधळ होतो: इंटरफेरॉन हा पहिला इशारा उशिरा जातो आणि मागून भडकलेला दाह आवरत नाही. दुसरं म्हणजे लेप्टिन. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं हे संप्रेरक टी-पेशीही (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ऐकतात. चरबी वाढली की निरोपांचा इतका भडिमार होतो की ऐकणारेच बधिर होतात.

शिवाय साधी यंत्राची अडचण आहेच. पोटातली चरबी श्वासपटलाला वर रेटते, त्यामुळे फुफ्फुसांचा तळ नीट फुगत नाही. आडवं झाल्यावर तर आणखीच कमी. न्यूमोनिया झाला की नेमकी हीच शिल्लक कमी पडते.

2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठपणा हा गंभीर आजाराचा स्वतंत्र धोका म्हणून ठळक दिसला. पुढे आढळलं की लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएंझा ए विषाणू सुमारे 42 टक्के जास्त काळ बाहेर पडत राहतो. म्हणजे घरच्यांनाही धोका. आणि 2017 सालच्या एका अभ्यासात, लस घेतलेल्यांमध्येही लठ्ठांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. गंमत अशी की त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी ठीकठाक होत्या. संशय जातो तो टी-पेशींवर.

आता हे वाचून उद्यापासून उपास धरशील, म्हणून एक प्रयोग सांगतो. 1990 च्या दशकात मेलिंडा बेक या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी सेलेनियम (अगदी थोडं लागणारं एक खनिज) नसलेल्या आहारावर उंदीर वाढवले आणि त्यांना कॉक्सॅकी बी3 विषाणूचा निरुपद्रवी वाण टोचला. उंदरांची हृदयं सुजली. इथवर नवल नाही, कुपोषित प्राणी आजारी पडणारच. पण त्यांच्यातून काढलेला विषाणू धडधाकट, पोटभर खाणाऱ्या उंदरांना टोचला, तर तेही आजारी पडले! विषाणूच बदलला होता. त्याच्या जनुकसंचात सहा ठिकाणी अक्षरं पालटली होती. तेव्हा उपासमारीत दुबळे होतो ते फक्त आपण, असं समजू नकोस.

म्हणून तुझं गणित. उंची 170 सेंटीमीटर, वजन 98 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) जवळपास 34. पण त्याहून टेप बरी: श्वास सहज सोडून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध कंबर मोज. उंचीच्या निम्म्याखाली, म्हणजे 85 सेंटीमीटरच्या आत यायचंय. रोजच्या खाण्यातून साधारण 500 कॅलरी कमी कर, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरेल. पहिलं लक्ष्य 5 ते 10 किलो. प्रथिनं मात्र कापू नकोस, दिवसाला 80 ते 90 ग्रॅम हवीत, तीन जेवणांत वाटून (मूत्रपिंडाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचार). ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि जेवणानंतरची साखर उचलणारा मुख्य गिऱ्हाईकच जातो. चोथा 25 ते 30 ग्रॅम, पण तो दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव, नाहीतर पोट फुगेल आणि चौथ्या दिवशी सोडून देशील. गोड शीतपेयं पूर्ण बंद.

आता गोळी, म्हणजे जस्त, सेलेनियम वगैरे. कमतरता असेल तिथे ती उपयोगी, नसेल तिथे बहुधा फुकट आणि कधी घातक. जस्त रोज 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलंस तर तांब्याची कमतरता होते आणि पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे उलटाच कारभार. सेलेनियमची प्रौढांची रोजची गरज 55 मायक्रोग्रॅम. 400 च्या वर सतत गेलं तर केस गळतात, नखं तुटतात.

आणि फ्लूची लस नक्की घे, परिणाम थोडा कमी असला तरी. फक्त टोचणाऱ्याला सुईची लांबी विचार. ती दंडाच्या स्नायूत पोचायला हवी. चरबीतच राहिली तर प्रतिसाद कमी मिळतो आणि सूज जास्त येते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमात 118 किलोवरच्या पुरुषाला आणि 90 किलोवरच्या बाईला 38 मिलिमीटरची सुई सांगितली आहे. तुझ्या वजनाला 25 ते 38 चालते, पण दंड जाड असेल तर लांबच माग. शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर जाईल असा सैल घालून जा, नाहीतर ते घाईत खालीच टोचतात.

पुढच्या पत्रात कमरेचं माप कळव.

तुझा,
अविनाश