सुवार्तेआधी शेजारधर्म

महोदय,

सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला निघणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी बायबलमधले योहान १३:३५ पुन्हा वाचावे. शिष्यांची ओळख येशूने एकमेकांवरील प्रीतीवर ठेवली आहे. सीमाभागात त्या प्रीतीला कामही भरपूर आहे. खानापूर, निपाणीकडच्या अनेक मराठी वृद्धांना पेन्शनचा कन्नड अर्ज वाचता येत नाही. तो वाचून दाखवावा, भरून द्यावा, कचेरीची पोच त्यांच्या हातात ठेवावी. आजाऱ्याकडे १५-२० मिनिटेच बसावे. प्रार्थना करू का, हे आधी विचारावे. 'नको' म्हणाले तर पाण्याचा तांब्या भरून ठेवून निघावे. 'नक्की बरे व्हाल' असा शब्द देऊ नये, औषध बंद करायला तर कधीच सांगू नये.

बिघडते ते मदतीच्या तांदळाच्या पिशवीत धर्मप्रचाराचे पत्रक घातल्यावर. घेणाऱ्याला तो सौदा वाटतो आणि आळीत कुजबुज सुरू होते. प्रार्थनासभेला न आलेल्या घराची मदत पुढच्या महिन्यात थांबली, तर ती प्रीती नव्हतीच. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केले. तिथे सर्व धर्मांचे रुग्ण आले, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींविषयी जो विश्वास आहे, त्यात अशा सेवेचा वाटा मोठा आहे.

कोणी आपणहून श्रद्धेविषयी विचारले, तर बायबलमधल्या पहिले पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेने, आदराने आणि विचारले तेवढेच सांगावे. मराठी माणसाला मराठीत, कन्नडिगाला कन्नडमध्ये. लहान मुलांशी बोलायचे तर आई-वडिलांसमोर.

— एक वाचक, बेळगाव