बाकावरची मुलं खेळणार कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी आटोपली. भातकापणी झाली की गावोगावच्या शेतांत बांबूचे गोलपोस्ट उभे राहतील आणि लहान मुलांच्या फुटबॉल स्पर्धांना सुरुवात होईल. त्याआधी या मुलांना एक पैसाही न घेता शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या जबाबदारीबद्दल लिहावंसं वाटलं. कुणी कारखान्यातली पाळी संपवून थेट मैदानावर येतो, कुणी शिक्षक असतो, कुणी गावच्या संघाचा जुना खेळाडू. ही माणसं नसती तर गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या पायाला चेंडू लागलाच नसता. त्यांचे उपकार मानूनच पुढचं लिहिते.

गेल्या मोसमातल्या एका सामन्याची सल अजून गेलेली नाही. सात-सातचा सामना, बारा वर्षांखालचे संघ. आमच्या बाजूची निम्मी मुलं पूर्ण वेळ मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून होती. संघ तीन गोलांनी पुढे होता, तरी एकही बदल झाला नाही. एक मुलगा शिनगार्ड चढवून, बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा सोडून बांधत सरांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा त्याचे मोजे पांढरेशुभ्र होते. पुढच्या आठवड्यापासून तो सरावाला आलाच नाही. सर वाईट नव्हेत. रोख बक्षिसाची स्पर्धा, पाठीमागे क्लबचे पदाधिकारी उभे आणि कडेने काही पालक ‘हाच संघ ठेवा’ म्हणून ओरडत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वयात मैदानावर आलेल्या प्रत्येक मुलाला खेळवणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम आहे, चषक त्यानंतर. अकराव्या वर्षी जो उंच आणि दांडगा असतो तो सामने जिंकून देतो हे खरं, पण बाकीची बरीच मुलं पुढच्या काही वर्षांत त्याच्या बरोबरीला येतात. तोवर ती बसून कंटाळून गेली, तर त्यांच्यातला खेळाडू आपल्याला कधी दिसणारच नाही. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक या भूमीतून भारताचा कर्णधार झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. असे खेळाडू वयाच्या अकराव्या वर्षी ओळखता येतात, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

मैदान आणि चेंडूही वयाला साजेसा हवा. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांची मुलं सात-सातचा आणि अकरा-बारा वर्षांची नऊ-नऊचा सामना खेळतात. या दोन्ही गटांत चेंडू चार नंबरचा असतो. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराला मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू आणि मोठ्यांचा गोल देतात आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू गेला की त्यालाच ओरडतात.

सुरक्षेबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. आपला सराव संध्याकाळी चार ते सहा, म्हणजे परतीच्या पावसाच्या गडगडाटाची नेमकी तीच वेळ. उघड्या शेतात वीज हा सर्वांत मोठा धोका. गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवायचा आणि मुलांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्यायचं. आंब्याखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं करायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटं होईपर्यंत मैदानावर परतायचं नाही. ‘पाच मिनिटं राहिलीत, संपवून टाकूया’ असं म्हणणाऱ्या आयोजकाला नाही म्हणण्याचा अधिकार प्रशिक्षकाला हवा आणि त्याने तो वापरलाही पाहिजे.

डोक्याला मार बसला तर तोंडावर पाणी मारून मुलाला परत आत पाठवण्याची रीत बंद व्हायला हवी. डोकं दुखणं, चक्कर, उलटी, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ संपला आणि डॉक्टरांना दाखवायचं. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारायला, मनाई केली. आपणही निदान सरावात ते टाळू शकतो. आणखी एक, हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट जमिनीला घट्ट बांधलेले आहेत ना, हे सरांनी स्वतः हलवून बघावं. असे गोलपोस्ट अंगावर पडून परदेशात मुलं दगावली आहेत. प्रथमोपचाराची पेटी, 108 चा नंबर आणि प्रत्येक मुलाच्या घरचा फोन जवळ असणं, यात काही मोठा खर्च नाही.

मुलांशी वागण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. एकट्या मुलाला गाडीवरून सोडणं, रात्री खासगी मेसेज करणं, कपडे बदलण्याच्या जागी एकट्याने असणं हे भल्या माणसानेही टाळावं. सरावाला दुसरं मोठं माणूस हवंच आणि मुली असतील तर एखादी बाई. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. ‘क्लबची बदनामी होईल’ म्हणून दाबून ठेवणारा स्वतः गुन्हेगार ठरू शकतो. आपल्या राज्यात तर 2003 पासून गोवा बाल कायदाही आहे. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक क्लबच्या भिंतीवर लावायला कुणाची हरकत असणार?

हे सगळं एकट्या माणसावर टाकून आपण घरी बसायचं, हे मात्र मला पटत नाही. पाणी, हजेरी, वाहतूक, पैशांचा हिशेब ही कामं पालकांनी वाटून घ्यावीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा कोर्स करायची सरांची तयारी असेल, तर त्याची फी क्लबने किंवा पंचायतीने भरावी. जो संध्याकाळची ओव्हरटाइम सोडून आपल्या मुलांसाठी येतो, त्याला पदरमोड करायला लावणं बरं नव्हे. आणि सामना चालू असताना कडेने सूचना देणं पालकांनी बंद करावं. आई एक सांगते, सर दुसरं सांगतात आणि चेंडू पायात असलेलं मूल बावरून उभं राहतं.

या मोसमाच्या स्पर्धांची पत्रकं अजून छापायची आहेत. बारा वर्षांखालील गटाच्या नियमांत ‘नोंदवलेल्या प्रत्येक मुलाला किमान निम्मा सामना खेळवणे बंधनकारक’ ही एक ओळ आयोजकांनी घालावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नियमच झाला, की सरांना पदाधिकाऱ्यांचं आणि पालकांचं दडपण सोसावं लागणार नाही.

आपली,
एक पालक, डिचोली