टेबलापलीकडे बसणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र थेट तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण मग तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. मिनिएचर वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोटे शिपाई रंगवून टेबलावर फाशांनी लढाया खेळण्याच्या या छंदात बहुतेकांना हात धरून आणणारं कुणीतरी असतंच, आणि त्यांचे आभार मानायचे हटकून राहून जातात.

बहुतेकांच्या लेखी शिपाई रंगवणं आणि खेळणं ही दोन वेगळी खाती असतात. काही जण आयुष्यभर रंगवतात आणि फाशाला हात लावत नाहीत; काही जण करड्या प्लास्टिकचं सैन्यच वर्षानुवर्षं लढवतात. तुमच्या लेखी मात्र दोन्हींत एकच काम होतं: टेबलापलीकडच्या माणसाला काय चाललंय ते नीट दिसलं पाहिजे. तुम्ही हे असं कधी बोलून दाखवलं नाहीत, पण तुमचं सगळं शिकवणं तिथेच येऊन पोचायचं.

माझी पहिली बटालियन फ्रेंच पायदळाची होती, नेपोलियनच्या काळातली, 28 मिलिमीटरचे शिपाई. मी भिंग लावून एकेका बटणाशी झटत होतो. तुम्ही त्यातला एक उचललात, हात लांब करून धरलात आणि विचारलंत, "समोर बसलेल्याला यातलं काय दिसणार?" चेहरा, ध्वज आणि बेस, म्हणजे पायाखालची चकती. वेळ तिथे घालव, बाकीचं हात राखून उरक. पहिल्या रांगेचे लाड कर, मागच्यांना नुसतं नीटनेटकं ठेव. या एका सल्ल्याने किती जणांची अर्धवट सैन्यं खोक्यांतून बाहेर येतील, याचा विचार करतो तेव्हा तुम्ही यावर वर्ग का घेत नाही, असं वाटतं.

नीटनेटकं म्हणजे काय, तेही तुमच्याच हाताकडे बघून कळलं. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, सुकला की आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या विजारी, मग पट्टे. रंग दुधाइतका पातळ करून दोन हात द्यायचे, कारण एकाच जाड हातात कापडाच्या चुण्या बुजून जातात. पांढरे पट्टे निळ्या कोटावर उठून दिसावेत म्हणून दोन्हींच्या मध्ये बारीक काळसर रेघ राहू द्यायची. वॉश, म्हणजे अगदी पातळ गडद रंग, खळग्यांत उतरतो आणि सावली आपोआप पडते, हे कुठेही वाचायला मिळतं. पण तो जिथे थेंबासारखा साचतो, तिथून सुकण्याआधीच ओलसर, स्वच्छ ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचा, नाहीतर सुकल्यावर डागाची कड उमटते. तुम्ही हे बोलता बोलता, नजर दुसरीकडे असताना करता. मी अजून श्वास रोखून करतो.

ब्रशचंही तसंच. बारीक कामाला बारीक ब्रश घ्यावा असं सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही जरा जाड, पण टोक असलेला सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या मऊ केसांचा ब्रश हातात दिलात. बारीक ब्रशमध्ये रंग मावतच नाही, तो टोकावरच सुकतो. आणि रंग केसांच्या मुळाशी असलेल्या पत्र्याच्या टोपणापर्यंत चढू द्यायचा नाही, तिथे सुकून बसला की केस फाकतात आणि ते टोक पुन्हा मिळत नाही. ब्रश अजून शाबूत आहे, मुद्दाम कळवतो.

गंमत म्हणजे बटणं सोडून दे म्हणणाऱ्या तुम्ही पॉमपॉमच्या, म्हणजे टोपीवरच्या गोंड्याच्या बाबतीत मात्र रेसभर ढळला नाहीत. 1808 नंतरच्या फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या: एक ग्रेनेडियरची (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिजरची (चपळ, विखरून लढणारे) आणि चार फ्युझिलियरच्या (साधं पायदळ). फ्युझिलियरच्या शाकोवरचा, म्हणजे उंच लष्करी टोपीवरचा पॉमपॉम पहिल्या कंपनीला हिरवा, दुसरीला आकाशी, तिसरीला नारिंगी, चौथीला जांभळा. ठिपक्याएवढं काम, पण हातभर अंतरावरून कंपनी ओळखू येते. म्हणजे ते समोरच्याच्या उपयोगाचं, म्हणून ते चुकायचं नाही.

एका बाबतीत आपलं जमलं नाही, ते जमणारही नाही. तुमचे शिपाई ग्लॉस व्हार्निशने चकाकतात आणि मला ते बघवत नाही. सैन्य सतत हाताळलं जातं, टणक थर हवा, हे पटतं. म्हणून मी खाली ग्लॉस देतो आणि वरून मॅट मारून चकाकी घालवतो. हवा दमट असली की मॅटचा स्प्रे पांढुरका धरतो आणि तुम्ही "सांगत होते ना" म्हणता. म्हणा. दमट दिवशी मी तो डबा उघडतच नाही.

आता खेळाचं. राइसवित्झ बापलेकांपैकी लेकाने, एका प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने, 1824 साली प्रशियाच्या लष्करापुढे ठेवलेल्या क्रीगस्पील या युद्धखेळात पंच असायचा. दोन्ही बाजू आपले हुकूम त्याच्याकडे द्यायच्या आणि निकाल तो लावायचा. आपल्या टेबलावर सहसा पंच नसतो, म्हणून दोघांनी अर्धा अर्धा पंच व्हायचं, हे तुमचं म्हणणं. ते तुम्ही पाळताही. तुकडी हलवण्याआधी हेतू सांगायचा: "हे घोडदळ तुझ्या तोफांपासून 12 इंचांच्या बाहेर ठेवतेय, बघून घे." मग पुढच्या पाळीत अर्ध्या इंचावरून हुज्जत उरतच नाही. फासे टाकल्यावर चुकलेले उचलायचे आणि लागलेले टेबलावरच ठेवायचे, म्हणजे समोरच्याला स्वतः मोजता येतात. तिरका टेकलेला फासा पुन्हा टाकायचा, तो सहा दाखवत असला तरी.

फाशांचं गणितही तुम्ही असंच जाता जाता शिकवलंत. बारा फासे, पाच किंवा सहाला नेम लागतो, म्हणजे सरासरी चार. त्यातले निम्मे बचावले की उरले दोन. दोन माणसं पाडायला आख्खी बटालियन उघड्यावर आणायची का, हे आधी ठरव. हे अंगवळणी पडल्यावर फाशांना शिव्या देणं कमी होतं. थांबत नाही. तुमचंही थांबलेलं नाही.

पण सगळ्यांत मोठं ऋण आहे ते तुमच्या एका सवयीचं. समोर नवखा खेळाडू असला की तुम्ही घाव घालण्याआधी सांगता: "तुझ्या तोफांची डावी बाजू उघडी आहे, माझे हुसार, हे हलकं घोडदळ, तिथवर पोचतात. तुकडी परत ठेवायचीय का?" तो ती परत ठेवतो. आणि तुम्ही तरीही जिंकता. जिंकण्यासाठी समोरच्याला अंधारात ठेवावं लागत नाही, एवढी तयारी असलेले खेळाडू मी फार थोडे पाहिलेत. त्यांतल्या एकीने माझ्याबरोबर खेळायला वेळ काढला. त्याबद्दल मनापासून आभार.

बाकी, गेल्या डावात तुमच्या ग्रेनेडियरांनी मला त्या शेतघरातून हुसकावून लावलं, तो हिशेब शिल्लक आहे. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी चालून येणार आहे. हेतू आधीच सांगून ठेवतोय.

तुमचा,
निळ्या कोटांचा सेनापती