क्लस्टर नोड जोडताना दोन्ही टोके तपासा

महोदय,

पूर किंवा वादळ आले की हॅम रेडिओची, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओची, बातमी छापून येते, आणि ती यायलाच हवी. पण हॅम मंडळी रोज ज्या जाळ्यावर विसंबून असतात त्या डीएक्स क्लस्टरविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. १४ मेगाहर्ट्झवर दूरच्या देशाचे स्टेशन ऐकू आले की ऐकणारा त्याचा कॉलसाइन (परवान्यातले ओळखनाव) आणि फ्रिक्वेन्सी आपल्या जवळच्या नोडला, म्हणजे या जाळ्यातल्या एका संगणकाला, कळवतो. हा ‘स्पॉट’ एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत काही सेकंदांत जगभर पोहोचतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रेडिओ क्लबांना, घरी लिनक्सचा छोटा संगणक चालू ठेवणाऱ्या परवानाधारकांना असा नोड उभारणे सहज शक्य आहे. गाडी अडते ती तो नोड दुसऱ्या नोडला जोडताना, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत डिक न्यूएल (एके१ए) यांनी १९८०च्या दशकात पॅकेटक्लस्टर लिहिले, तेव्हा नोड एकमेकांशी पॅकेट रेडिओने (रेडिओवरून संगणकाचा मजकूर पाठवण्याच्या पद्धतीने), साधारण १२०० बॉडच्या वेगाने बोलत. आज ते काम बहुतांशी इंटरनेटवर टेलनेटने (दूरच्या संगणकाशी मजकुरातून बोलण्याच्या सोयीने) होते, पण नोडांमधले संदेश अजून त्याच ‘पीसी’ अक्षरांनी सुरू होतात. पीसी११ म्हणजे स्पॉट, पीसी१८ म्हणजे ओळख करून देणे, पीसी५१ म्हणजे पिंग, ‘आहेस ना?’ अशी चाचपणी. सध्या फार वापरात असलेले सॉफ्टवेअर म्हणजे ब्रिटनच्या डर्क कूपमन (जी१टीएलएच) यांनी पर्ल भाषेत लिहिलेले डीएक्सस्पायडर. पुढचे सगळे त्याच्याविषयी आहे.

जोडणीची स्क्रिप्ट जेमतेम चार ओळींची असते. स्पायडर फोल्डरातल्या ‘कनेक्ट’ या उपफोल्डरात समोरच्या नोडच्या कॉलसाइनच्या नावाने, लहान अक्षरांत, एक फाइल करायची. आत लिहायचे (प्रत्यक्षात रोमन लिपीत):

टाइमआउट १५
कनेक्ट टेलनेट [समोरच्या नोडचा पत्ता] ७३००
'लॉगिन' '[आपल्या नोडचा कॉलसाइन]'
क्लायंट [समोरच्या नोडचा कॉलसाइन] टेलनेट

तिसरी ओळ म्हणजे ‘हा शब्द दिसेपर्यंत थांब, मग हे उत्तर पाठव’. चौथी ओळ आपल्याच सॉफ्टवेअरला सांगते की आता या वाहिनीच्या पलीकडे अमुक नोड आहे. या दोन ओळींतले कॉलसाइन उलटे पडणे ही सर्वांत नेहमीची चूक. लॉगिनच्या उत्तरात आपले नाव, क्लायंटपुढे त्यांचे. समोरचे सॉफ्टवेअर वेगळे असेल तर ते ‘लॉगिन’ ऐवजी ‘कृपया कॉलसाइन द्या’ अशा अर्थाचे वाक्य पाठवते. मग आपली स्क्रिप्ट न येणाऱ्या शब्दाची वाट पाहत बसते आणि १५ सेकंदांनी सोडून देते. म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी त्याच संगणकावरून हाताने टेलनेट करून नेमका कोणता शब्द येतो ते बघावे आणि तोच स्क्रिप्टमध्ये टाकावा. पासवर्ड लागत असेल तर त्याची आणखी एक जोडओळ येते. तो उघडा लिहिलेला असतो, त्यामुळे ही फाइल फक्त ‘सिसॉप’ या (ज्याच्या नावाने हे सॉफ्टवेअर चालते त्या) वापरकर्त्याला वाचता येईल अशी ठेवावी. रूट (संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून फाइल केली आणि मालकी न बदलता अशी मर्यादा घातली, तर उलट सिसॉपलाच ती वाचता येत नाही आणि जोडणी सुरूच होत नाही.

नोडचा कॉलसाइन सिसॉपच्या, म्हणजे नोड चालवणाऱ्या माणसाच्या, स्वतःच्या कॉलसाइनपेक्षा वेगळा हवा. परवान्यातल्या कॉलसाइनला ‘-२’सारखा आकडा जोडला की काम भागते.

स्क्रिप्ट अचूक असूनही लिंक होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला असते. आपण ‘सेट/स्पायडर’ आज्ञेने समोरच्याला नोड म्हणून नोंदवतो. तीच नोंद त्यांनी आपल्यासाठी केली नसेल तर त्यांचा नोड आपल्याला साधा वापरकर्ता समजतो. तो पीसी१८ पाठवण्याऐवजी स्वागताचा मजकूर पाठवतो, आपला नोड ओळखीच्या संदेशाची वाट पाहतो आणि लिंक उभी दिसूनही काहीच वाहत नाही. त्यांच्याकडे ‘हू’ आज्ञा दिली तर आपण नोडांमध्ये नव्हे, वापरकर्त्यांमध्ये दिसतो. स्क्रिप्टमध्ये दहा दुरुस्त्या करूनही हे सुटत नाही. समोरच्या सिसॉपशी आधी पत्रव्यवहार झालाच पाहिजे, आणि न विचारता दुसऱ्याच्या नोडला जोडू पाहणे ही उघड गैरवर्तणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी कोण सुरू करणार हेही त्याच पत्रात ठरवावे. दोघांनीही सुरू केली तर दोन वाहिन्या एकमेकींवर आदळतात आणि एक तुटते. आपल्याकडे निर्णय सोपा आहे. अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणजे बाहेरून कोणी आपल्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. अशा वेळी सुरुवात आपण करायची, त्यांनी फक्त स्वीकारायची.

पहिली जोडणी हाताने, ‘कनेक्ट’ आज्ञेने करावी. त्याआधी ‘सेट/डीबग कनेक्ट’ लावून सॉफ्टवेअरची नोंदवही (लॉग) समोर उघडी ठेवावी. कोणता शब्द आला, काय पाठवले, कुठे थांबले हे ओळीने दिसते. ‘लिंक्स’ आज्ञेत नोड आणि त्याच्या पिंगची सरासरी वेळ दिसू लागली की मगच लोकल_सीएमडी फोल्डरातल्या क्रॉनटॅबकडे (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलकडे) वळावे. तिथे दर दहा मिनिटांनी ‘जोडलेला नसेल तरच जोडणी सुरू कर’ अशी ओळ पुरते. दर मिनिटाची ओळ टाकण्याचा मोह आवरावा. समोरचा नोड दुरुस्तीसाठी बंद असताना अशी ओळ त्याच्या दारावर तासाला साठ थापा मारते.

लिंक मेलेली आहे हे नोडला उशिरा कळते, याचे कारणही समजून घ्यावे. शेजारच्या नोडला दर ३०० सेकंदांनी पिंग जातो आणि सलग दोन पिंगांना उत्तर न आल्यास, तिसऱ्याची वेळ होताच, लिंक तोडली जाते. घरातला राउटर शांत वाहिनी गुपचूप बंद करतो तेव्हा पंधरा मिनिटांपर्यंत लिंक जिवंत असल्याचा भास होऊ शकतो. मग काही जण पिंगचे अंतर बदलू पाहतात. सॉफ्टवेअरची मदत-फाइल ‘बदलू नका’ असेच सांगते, आणि त्यात एक फसगतही आहे: ६० पर्यंतचा आकडा मिनिटे मानला जातो, त्यापुढचा सेकंद. ३० सेकंद समजून ३० लिहिणाऱ्याने प्रत्यक्षात अर्धा तास लावलेला असतो.

भागीदार, म्हणजे आपण जोडून घेतो ते नोड, किती असावेत? दोन, फार तर तीन. पूर्वीच्या पॅकेटक्लस्टर जाळ्यांना वर्तुळ (फिरून त्याच नोडकडे येणारी वाट) अजिबात सोसत नसे. डीएक्सस्पायडर एकच स्पॉट दोनदा आला तर दुसरा टाकून देतो, म्हणून वर्तुळ आता घातक राहिलेले नाही. पण प्रत्येक जादा लिंकवरून तोच सगळा माल पुन्हा येतो, आणि गाळण्याचे काम आपल्या छोट्या संगणकाला करावे लागते. पाच भागीदारांपेक्षा ज्यांच्या स्वतःच्या लिंक वेगवेगळ्या दिशांना आहेत असे दोन केव्हाही चांगले.

घड्याळाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. स्पॉटवर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ असते, भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. संगणकाचा टाइमझोन यूटीसीवर ठेवून हाताने भारतीय वेळ लावली, तर आपल्याकडचा प्रत्येक स्पॉट साडेपाच तास भविष्यातला ठरतो आणि पुढचे नोड तो मुकाट्याने टाकून देतात. लिंक उत्तम, पिंग उत्तम, आणि आपले स्पॉट कुणालाच दिसत नाहीत. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप लावण्याच्या सोयीने) वेळ जुळवून घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

नोड सर्वांसाठी उघडा केला की खोट्या कॉलसाइननी टाकलेले स्पॉटही आपल्यातूनच पुढे जातात. नोंदणी सक्तीची करणारा पर्याय (रेकरेग) सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो लावला की अनोळखी माणूस स्पॉट वाचू शकतो, टाकू शकत नाही. अलीकडच्या आवृत्त्या पीसी६१ संदेशात स्पॉट टाकणाऱ्याचा आयपी पत्ताही पुढे पाठवतात, त्यामुळे खोडसाळपणा कुठून आला ते शोधता येते. भागीदार मागण्याआधीच या दोन्ही गोष्टी, म्हणजे नोंदणी आणि ताजी आवृत्ती, पूर्ण असाव्यात.

महाविद्यालयीन क्लबांना एक विशेष विनंती. सुट्टीत प्रयोगशाळेची वीज बंद होणार असेल तर भागीदाराला तसे कळवावे. जोडणी त्यांच्याकडून सुरू होत असेल तर त्यांना त्यांच्या क्रॉनटॅबमधली आपल्या नोडची ओळ सुट्टीपुरती काढून ठेवायला सांगावे, आणि प्रयोगशाळा उघडल्यावर पुन्हा लावायला सांगायचे काम क्लबातल्या कुणावर तरी नावानिशी सोपवावे.

आपला,
एक हौशी रेडिओ परवानाधारक, पुणे