शहर ठरण्याआधी आपण विचारलेल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात आपणांस सप्रेम सलाम.

नवी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा समुदाय, कोणत्या शहरात स्थापन करावी याचा निर्णय आमच्या गटाने गेल्या महिन्यात घेतला. आपले आभार खाजगी पत्रातूनही मानता आले असते. पण आपण जे दाखवून दिलेत ते या सेवेचा विचार करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आम्ही पहिल्यांदा आपल्याकडे आलो तेव्हा आमचे शहर जवळजवळ ठरलेच होते. ते मोठे होते, झपाट्याने वाढत होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाच तिथे राहायला आवडले असते. लोकसंख्या, नव्या वसाहती, महाविद्यालये यांचे आकडे आम्ही एका वहीत उतरवून आणले होते. आपण ती वही शेवटच्या पानापर्यंत पाहिलीत आणि एवढेच विचारलेत की, तिथे आधीपासून सेवा करणाऱ्या किती पाळकांना आम्ही भेटलो आहोत. आम्ही एकालाही भेटलो नव्हतो.

पुढच्या चार बैठकांत आपण आमच्याबरोबर बायबलच्या नव्या करारातले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक नव्याने वाचलेत. गावोगावी सुवार्ता सांगत फिरणारा प्रेषित पौल मोठी शहरे निवडत असे, हा आमचा मुख्य आधार होता, आणि तो खोटा नाही. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले व्यापारी शहर होते, इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. 44 मध्ये ते पुन्हा वसवले गेले, त्यामुळे तिथे बाहेरून आलेल्यांचा भरणा मोठा होता. पण आपण बोट ठेवलेत ते सोळाव्या अध्यायावर, जिथे आशिया आणि बिथुनिया (दोन्ही आजच्या तुर्कस्तानातले रोमन प्रदेश) या दोन्ही वाटा बंद झाल्यानंतर पौल त्रोवसला पोचतो आणि समुद्रापलीकडच्या मासेदोनियाची हाक त्याला तिथे ऐकू येते. पुढे फिलिप्पै येथे, रोमन वसाहतीच्या वेशीबाहेर, नदीकाठी जमलेल्या स्त्रियांपासून कामाला सुरुवात होते आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आपले घर उघडते. करिंथमध्येही आधी भेटतात ते अक्विला आणि प्रिस्किल्ला, पौलाप्रमाणेच राहुट्या करणारे. त्यांच्याकडे राहून, हाताने काम करत त्याने तिथल्या सेवेला आरंभ केला आणि त्या शहरात दीड वर्ष काढले. आपले दार कोण उघडणार आणि आपण किती काळ टिकणार, हे दोन प्रश्न आमच्या वहीत कुठेच नव्हते.

अथेनै (अथेन्स) येथे पौलाच्या कामातून फारसे काही उभे राहिले नाही, या आपल्या मताशी मात्र मी अजूनही पूर्ण सहमत नाही. तिथे मंडळी स्थापन झाल्याचा उल्लेख त्या पुस्तकात नाही हे खरे, पण दियोनुस्य, दामारी आणि त्यांच्याबरोबर आणखी काहींनी तिथेच विश्वास ठेवला, आणि ही मोजकी माणसे म्हणजे काहीच नाही असे मला म्हणवत नाही. आशिया प्रांतातल्या इफिस शहराचा मुद्दा मात्र मनात पक्का बसला. पौल तिथे तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे बोलत राहिला आणि वचन साऱ्या आशिया प्रांतात पोचले. त्याच प्रांतातल्या कलस्सै गावच्या लोकांना तर सुवार्ता एपफ्रासाकडून मिळाली, पौलाने त्यांचे तोंडही पाहिले नव्हते. जिथे लोक कामासाठी येतात आणि पुन्हा आपापल्या गावी जातात, असे शहर शोधायला आपण सांगितलेत.

मग आम्ही पाळकांच्या भेटी सुरू केल्या. आमच्या आवडत्या शहरात एका वयस्क पाळकांनी स्पष्ट सांगितले की, तिथे नवी मंडळी निघाली की तिची बाके जुन्या मंडळ्यांतल्या लोकांनीच भरतात. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचे नाही, अशी पौलाची हौस असल्याचे रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते वाचलेले असूनही आमच्याकडे त्या गृहस्थांना द्यायला उत्तर नव्हते. दुसऱ्या, लहान शहरात उलट घडले. तिथल्या जुन्या मंडळीच्या पाळकांनीच सांगितले की, पाळ्यांमध्ये काम करणारे परगावचे अनेक मजूर त्यांच्या भाषेत उपासना नसल्यामुळे येऊन मागे बसतात आणि पुन्हा येत नाहीत. आमच्यातल्या दोघांची ती मातृभाषा आहे.

जागेचे भाडे, कायदेशीर परवानग्या, मुलांच्या शाळा आणि आम्हा प्रत्येकाचा उदरनिर्वाह यांचाही विचार झाला, पण शहर बदलले ते त्या भेटींमुळे. या सगळ्याला नऊ महिने लागले. मध्येच एका कुटुंबाने आईवडिलांच्या आजारपणामुळे माघार घेतली, तेव्हा आम्ही फार खचलो होतो. त्यांना प्रार्थनेची जबाबदारी सोपवून गटातच ठेवण्याची सूचना आपलीच होती, आणि दर गुरुवारी ते ती मनापासून पार पाडत आहेत.

पहिली प्रार्थनासभा गेल्या रविवारी संध्याकाळी एका मजूर दांपत्याच्या खोलीत झाली. अकराजण होते, आणि सुरुवातीची प्रार्थना त्या जुन्या मंडळीच्या पाळकांनी केली. आकड्यांची ती वही अजून आपल्याकडेच आहे. परत पाठवण्याची घाई नाही.

प्रभूच्या सेवेत आपला,
गटातील एक सहकारी